127 पर्यंत सगळं बरोबर होतं



मागच्या व्हिडिओत मी उधारीच्या खात्यांबद्दल बोललो होतो आणि बोलता बोलता एक वाक्य टाकून पुढे गेलो होतो, की "आमच्या कॉम्प्युटरला 128 मोजता येत नव्हतं." दहा मिनिटांच्या व्हिडिओत ती गोष्ट बसली नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण आता दुकानासाठी, बचत गटासाठी किंवा घरगुती उद्योगासाठी स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर करून घेत आहेत. कोणाचा भाऊ कॉम्प्युटर शिकतोय, कोणाची पोरगी. म्हणून ती गोष्ट आज नीट लिहून काढतो. थोडं तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी स्वतः बीबीए केलेला दुकानदार आहे, इंजिनियर नाही. मला कळलं तर तुम्हालाही कळेल.

माझं दुकान चंद्रपूरला आहे, पाइप, फिटिंग, मोटर, वायर असा माल. काउंटरवरचं गिऱ्हाईक आहेच, पण खरा धंदा मूल, सावली, गडचिरोली, धानोरा या बाजूच्या मिस्त्री आणि छोट्या ठेकेदारांचा. ते माल उचलतात, काम झालं की पैसे देतात. आपल्या भागात उधारी कशी चालते हे मी नव्यानं सांगायला नको. मे महिन्यात तेंदूचा हंगाम, मग त्याची मजुरी हातात येणार, नंतर धान निघणार. लोकांच्या हातात पैसा ज्या वेळी येतो त्या वेळी तो दुकानात येतो. मधल्या काळात सगळा विश्वासावर खेळ. त्यामुळे आमच्यासारख्याच्या दुकानात सगळ्यात महागाची वस्तू कोणती विचाराल तर ती मोटर नाही, उधारीची वही आहे.

ती वही कॉम्प्युटरवर न्यायची म्हणून मी भाच्याला कामाला लावलं. तो बीसीए करत होता, जावा शिकला होता. त्यानं दिवाळीच्या सुट्टीत प्रोग्राम लिहून दिला. दिसायला साधा, पण चांगला. प्रत्येक ग्राहकाला खाते क्रमांक, उचललेला माल एका बाजूला, जमा दुसऱ्या बाजूला. दर सोमवारी एक वसुली यादी निघायची, ज्यांचे पैसे बाकी आहेत त्यांची. त्या वेळी आमची 110 खाती होती. तीन-चार महिने प्रोग्राम घड्याळासारखा चालला. मी चार दुकानदार मित्रांना दाखवूनही आलो.

मग उन्हाळ्यात कामं वाढली, नवे ग्राहक आले, खाती वाढली.

जूनमधला एक सोमवार. यादीत धानोरा तालुक्यातल्या एका ठेकेदाराचं नाव होतं, 18,400 रुपये बाकी. वयानं माझ्यापेक्षा मोठा माणूस, गावोगावी नळजोडणीची कामं घेणारा. मी फोन केला. आधी तो हसला. मग म्हणाला, "मी तं पैसे देले ना भाऊ. तीनदा येऊन देले. पावत्या हायेत माह्यापाशी." मी म्हटलं बघतो. कॉम्प्युटर उघडला, त्याच्या खात्यात एकही जमा नाही. पुढच्या सोमवारी यादीत पुन्हा नाव आलं आणि माझ्या माणसानं, मला न विचारता, पुन्हा फोन केला. या वेळी तो हसला नाही.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? माझ्या डोक्यात आलं तेच तुमच्याही आलं असतं. पावती आहे, म्हणजे पैसे दुकानात आले. खात्यात नाहीत, म्हणजे मध्ये कुठे तरी गेले. आणि मध्ये एकच माणूस होता: काउंटरवर बसणारा आमचा पोरगा. सहा वर्षं माझ्याकडे. दहावी झाल्यावर आला होता. मी त्याला सरळ काही म्हटलं नाही, पण दोन दिवस गल्ल्याची चावी स्वतःजवळ ठेवली. दुकानात काम केलेल्या माणसाला असं चावी काढून घेणं काय सांगतं हे सांगावं लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं पावती पुस्तकाचं मागचं पान माझ्यासमोर ठेवलं. त्यावर तारखा आणि आकडे. "भाऊ, गल्ल्यात कमी कधीच नाही आलं. जास्त येत होतं. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

आणि खरंच सांगितलं होतं. एक दिवस 8,000 जास्त, एक दिवस 6,000, एक दिवस 4,400. मी म्हटलं होतं, गर्दीत कोणाचं बिल करायचं राहिलं असेल, काउंटर विक्रीत टाकून दे. गल्ला कमी निघाला असता तर मी रात्री दहापर्यंत बसून हिशोब लावला असता. जास्त निघाला म्हणून कोणी चौकशी करत नाही. तिन्ही आकड्यांची बेरीज करून बघा: 18,400. पैसे आले होते, गल्ल्यात होते, बँकेत भरले होते. फक्त कॉम्प्युटरनं ते कोणाच्याच खात्यात लावले नव्हते.

चावी मी परत दिली. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मग भाच्याला फोन. त्यानं त्याच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चालवला. खातं नंबर 1 मध्ये 500 जमा केले, बरोबर. खातं 2, बरोबर. खातं 3, बरोबर. "मामा, माझ्याकडे चालतंय." हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्यांकडून तुम्ही आयुष्यात कमीत कमी शंभर वेळा ऐकणार आहात, आताच सवय करून घ्या.

मी कागद घेतला. ज्यांच्या जमा लागल्या नव्हत्या त्यांचे खाते क्रमांक एका बाजूला लिहिले, ज्यांच्या लागल्या होत्या ते दुसऱ्या बाजूला. डावीकडे 128, 131, 134, 139. उजवीकडे 12, 57, 96, 127. मी बराच वेळ गाव शोधत होतो, तारीख शोधत होतो, रोख की फोनवरून पेमेंट ते शोधत होतो. उत्तर आकड्यातच होतं. 127 पर्यंतचं प्रत्येक खातं बरोबर. 128 पासून पुढचं प्रत्येक खातं चूक. मी फोनवर एवढंच सांगितलं, "127 नंतर बिघडतं." तिकडे थोडा वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "अरे देवा. इंटीजर."

आता हे काय प्रकरण आहे ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

जावामध्ये पूर्णांक ठेवायचे दोन प्रकार आहेत. एक सुटा आकडा, त्याला इंट म्हणतात. दुसरा पुड्यात बांधलेला आकडा, त्याला इंटीजर म्हणतात. सॉफ्टवेअरवाले या पुड्याला रॅपर म्हणतात, म्हणजे गुंडाळणारा. आत आकडा तोच, पण वर आवरण. आवरण कशाला? दोन कारणं. जावाच्या याद्यांमध्ये सुटा आकडा ठेवताच येत नाही, पुडाच ठेवावा लागतो. आणि दुसरं, सुटा आकडा कधी रिकामा नसतो, काही नाही तर निदान शून्य असतो. पुडा मात्र रिकामा राहू शकतो, म्हणजे "इथे अजून काही भरलेलंच नाही" असं सांगता येतं. 2004 साली आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून भाषा हे बांधणं-सोडणं स्वतःच करते, लिहिणाऱ्याला दिसतही नाही. सोय म्हणून चांगली. पण जे दिसत नाही तेच नडतं.

तेंदूचं उदाहरण घ्या. फळीवर पानांचे दोन पुडे आहेत. दोन्हींत 70-70 पानं. आता मी विचारलं, "हे दोन सारखे आहेत का?" तर याचे दोन अर्थ होतात. दोन्हींत पानं सारखीच आहेत का? हो. पण हा पुडा म्हणजेच तो पुडा आहे का? नाही, हे दोन वेगळे पुडे आहेत. माणसाला प्रश्नाचा अर्थ संदर्भातून कळतो. जावाला कळत नाही. दोन पुडे घेऊन मध्ये == ही खूण टाकली, तर जावा पुडे सोडून पानं मोजत नाही. हा तोच पुडा आहे का एवढंच बघते. आतली पानं मोजायची असतील तर इक्वल्स म्हणून वेगळं विचारावं लागतं. भाच्यानं == वापरलं होतं. पावतीवरचा खाते क्रमांक एका पुड्यात, ग्राहक यादीतला दुसऱ्या पुड्यात. दोन्हींत 128. प्रोग्रामनं बघितलं, हा पुडा वेगळा, तो वेगळा, म्हणजे ग्राहक हा नाही. पुढे गेला. शेवटपर्यंत कोणीच जुळलं नाही, आणि जमा रक्कम हवेत राहिली.

मग 127 पर्यंत का जुळत होतं? इथे खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही.

लहान आकडे सारखे लागतात, म्हणून जावा वेळ आणि जागा वाचवायला उणे 128 ते 127 एवढ्या आकड्यांचे पुडे आधीच बांधून ठेवते. कोणीही 57 मागितला की तोच एक 57 चा पुडा देते. त्यामुळे पावतीवरचा 57 आणि यादीतला 57 हा खरोखर एकच पुडा असतो, आणि == म्हणते, हो, तोच. 128 मागितला की तयार पुडा नाही, दर वेळी नवा बांधला जातो. ही सीमा कोणाच्या लहरीनं पडलेली नाही. आठ बिटांत 256 वेगवेगळे आकडे मावतात, अर्धे शून्याच्या खाली आणि अर्धे शून्य धरून वर, म्हणून उणे 128 ते 127. जावाच्या नियमपुस्तकातच हे लिहिलेलं आहे. म्हणजे जावा चुकली नव्हती. भाच्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, फक्त लहान आकड्यांवर त्याचं उत्तर योगायोगानं बरोबर येत होतं.

आणखी एक तिरपागडं बघा. हाच प्रश्न "लहान आहे का, मोठा आहे का" असा विचारला तर जावा गुपचूप पुडा सोडते आणि आतला आकडा बघते. एका बाजूला सुटा आकडा आणि दुसऱ्या बाजूला पुडा असेल तर == सुद्धा पुडा सोडते. दोन्ही बाजूंना पुडे असले की मात्र सोडत नाही. अशा भाषेत नवशिक्या पोरानं चूक करू नये ही अपेक्षा जरा जास्तच आहे, मी त्याला फार बोललो नाही. आणि इक्वल्सवर गेलात म्हणजे सुटलात असंही नाही. जावात मोठ्या आकड्यांसाठी लाँग नावाचा वेगळा पुडा आहे. लाँगमधला 5 आणि इंटीजरमधला 5 इक्वल्सला विचारले तर उत्तर "सारखे नाहीत." कारण जात वेगळी. हे मला आधी वेडेपणाचं वाटलं, पण मग आठवलं, आपल्या सीमेपलीकडे छत्तीसगडात तेंदूचा पुडा 50 पानांचा असतो, आपल्याकडे 70 चा. नुसतं "शंभर पुडे" म्हटलं तर व्यवहार होत नाही, कुठले पुडे ते विचारावंच लागतं. जावाही तेच विचारते, फक्त तोंडानं बोलत नाही.

रिकाम्या पुड्याची गोष्टही सांगतो, कारण ती मला जास्त महाग पडली असती. काही ग्राहकांची उधारीची मर्यादा आम्ही भरलीच नव्हती, जागा रिकामी. प्रोग्राम तो रिकामा पुडा सोडायला गेला की बिलाच्या मधोमध बंद पडायचा. त्या चुकीला नल पॉइंटर एक्सेप्शन म्हणतात. भाच्यानं घाईत उपाय केला: रिकामं असेल तिथे शून्य धर. बंद पडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांच्या जुन्या ग्राहकाला कॉम्प्युटरनं सांगितलं, उधारी मर्यादा शून्य, माल देता येणार नाही. तो वडिलांच्या काळापासूनचा माणूस, त्याची मर्यादा आम्ही कधी ठरवलीच नव्हती कारण ठरवायची गरज नव्हती. "ठरवलेलं नाही" आणि "शून्य ठरवलंय" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक धंदा करणाऱ्यालाच माहीत असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जावा-बिवा नाही, आम्ही एक्सेलवर काम करतो. मग तर जास्त सांभाळा. तिथे आकड्याची जात कोण ठरवतं? एक्सेल, तुम्हाला न विचारता. आमच्या धंद्यात पाऊण इंची पाइप रोज विकला जातो. स्टॉकच्या यादीत 3/4 टाइप करून बघा, त्याची तारीख होते. मग तुम्ही तो रकाना परत आकड्यात बदलला की चाळीस हजारांच्या वर काही तरी विचित्र संख्या येते, कारण एक्सेल आतमध्ये तारीख म्हणजे दिवसांची मोजणी ठेवतं. पाइपची साइज गेली ती गेलीच. मध विकणाऱ्या गटांसाठी: मधाचा एचएसएन कोड 0409. एक्सेलमध्ये लिहिला की पुढचं शून्य उडून 409 राहतो. चेकचा नंबर 000128 असेल तर 128. आणि सगळ्यात वाईट, एक्सेल आकड्याचे 15 च अंक नीट सांभाळतं. 16 अंकी बँक खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. लाल रंग नाही, सूचना नाही. मजुरांच्या खात्यात पैसे पाठवायची यादी अशी बनवलीत तर काय होईल याचा विचार करा.

आपण अडाणी म्हणून आपल्याशी असं होतं असं समजू नका. जगभरातले जनुकशास्त्रज्ञ याच एक्सेलपुढे हरले. काही जनुकांची नावं मार्च1, सेप्ट1 अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. शेवटी 2020 मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. आणि 4 जून 1996 ला युरोपचं आरिआन 5 हे रॉकेट उडाल्यावर 40 सेकंदांच्या आत नष्ट झालं, कारण 64 बिटांत ठेवलेला मोठा आकडा 16 बिटांच्या जागेत कोंबला गेला, जिथे 32,767 च्या वर काही मावत नाही. तो कोड आधीच्या आरिआन 4 वर व्यवस्थित चालला होता. नवं रॉकेट जास्त वेगवान, आकडा मोठा झाला. आमची खाती वाढली तसंच.

ऑनलाइन ऑर्डर घ्यायला वेबसाइट करणार असाल तर तिथे जावास्क्रिप्ट भेटेल. नावात साम्य आहे, बाकी जावाशी नातं नाही. फॉर्ममध्ये भरलेला आकडा तिथे अक्षर म्हणून येतो. ग्राहकानं आधी 2 पोती मागितली, मग 3 वाढवली, आणि लिहिणाऱ्यानं सरळ बेरीज केली तर 5 नाही, 23 होतात. वजाबाकी केली तर मात्र बरोबर येते. म्हणून बेरीज तपासायची, वजाबाकी तपासून समाधान मानायचं नाही.

माझ्या वहीत यानंतर एक नियम लिहिला आहे. ज्या आकड्याची मी कधी बेरीज करणार नाही, तो आकडा नाही, ते नाव आहे. खाते क्रमांक, मोबाइल नंबर, पिनकोड, एचएसएन, चेक नंबर, पाइपची साइज. दोन मोबाइल नंबरांची बेरीज कोण करतं? ही सगळी अक्षरं म्हणून साठवा. एक्सेलमध्ये रकाना निवडून आधी टेक्स्ट करा, मग भरा. उलटं केलंत तर उपयोग नाही, उडालेलं शून्य परत येत नाही.

आणि सॉफ्टवेअर कोणाकडूनही करून घ्या, ताब्यात घेताना स्वतः बसून तपासा. 1, 2, 3 टाकून तपासू नका, ते कोणीही पास करतो. तुमचा धंदा तीन वर्षांनी जिथे असेल ते आकडे टाका. 128 वं खातं, 1000 वं खातं, एक लाखाचं बिल, एक रिकामी जागा, एक शून्य. लिहिणाऱ्याला विचारा, की जमा कोणाशीच जुळली नाही तर ती कुठे जाते? आमच्या भाच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि सगळं नुकसान तिथेच झालं होतं. आता आमच्याकडे "न जुळलेली जमा" असं वेगळं खातं आहे. ते रोज रात्री शून्य निघालं पाहिजे, नाही तर शटर खाली येत नाही. गल्ला जास्त निघाला तरी.

चूक दुरुस्त करायला भाच्याला वीस मिनिटं लागली. 128 ते 139 अशा बारा खात्यांचे उतारे नव्यानं काढायला एक दिवस. नऊ जणांना फोनवर सांगितलं. तिघांकडे मी स्वतः गेलो. धानोऱ्याला जाताना काउंटरच्या पोराला मागे बसवलं, मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला. ठेकेदारानं चहा ठेवला, उतारा हातात घेतला आणि स्वतःच्या तीन पावत्यांशी एकेक ओळ ताडून बघितली. दोनदा. मग पोराकडे बघून म्हणाला, "हा तं पहिलेपासूनच बरोबर लिहून रायला होता."

ऑगस्टमध्ये त्यानं पुन्हा माल उचलला, पण त्या वेळी रोखीनं. उधारीवर परत यायला त्याला दिवाळी उजाडली. नव्या ग्राहकांचे खाते क्रमांक आम्ही आता 1001 पासून देतो.